मर्यादित खर्चातील गृहसजावट : घरबसल्या शिक्षणाची आखणी

घर बांधून पुरे होते तेव्हा गृहस्थाच्या हाती बहुधा पैसा उरलेला नसतो, आणि घर राहण्याजोगे करण्याचे काम तर तेथूनच सुरू होते. भांडी कोठे मांडावीत, मुलांनी अभ्यासाला कोठे बसावे, वृद्धांनी रात्री न्हाणीघरापर्यंत कसे जावे, हे प्रश्न उंबरठा ओलांडताच पुढे येतात. त्यांची उत्तरे हल्ली मोबाईलच्या पडद्यावर शोधली जातात. परंतु तेथे दिसणारी घरे प्रायः मोठ्या शहरांतील व मोठ्या खर्चाची असतात. त्यांचे अनुकरण करण्यासाठी कर्ज काढले जाते, आणि दोन पावसाळ्यांत छताची सजावट डागाळते व भुश्याच्या फळ्यांची कपाटे फुगतात. गेलेला पैसा पुष्कळदा मुलांच्या शिक्षणासाठी किंवा आजारपणासाठी राखून ठेवलेला असतो.

म्हणूनच अल्प उत्पन्नाच्या गृहस्वामींसाठी घरबसल्या शिकता येईल असा गृहसजावटीचा अभ्यासक्रम ही चैनीची बाब नसून उपयुक्त लोकशिक्षणाची बाब आहे. केंद्र शासनाचे 'स्वयम्' हे शिक्षणपीठ २०१७ साली सुरू झाले आणि २०२० च्या महामारीत गावोगावच्या शिक्षकांनी मोबाईलवरून वर्ग चालविले. साधन परिचयाचे झाले आहे. आता प्रश्न आहे तो काय शिकवावे आणि कोणत्या क्रमाने शिकवावे हा.

प्रथम मोजमाप

२०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) घराचे किमान क्षेत्रफळ, स्वयंपाकाच्या जागेसह, २५ चौरस मीटर म्हणजे सुमारे २७० चौरस फूट ठरविण्यात आले. पाच माणसांच्या कुटुंबात प्रत्येकाच्या वाट्याला अवघी ५४ चौरस फूट जागा येते. अशा घरात एक अनावश्यक कोचही घरच्या माणसाची जागा अडवितो. यास्तव पहिला पाठ मोजपट्टीचा असावा. आलेखाच्या कागदावर १ सेंटीमीटर म्हणजे १ फूट असे प्रमाण धरले की १० फूट रुंद व १२ फूट लांब खोली वहीच्या पानावर मावते. त्याच प्रमाणात खाट, कपाट व टेबल यांचे कागदी तुकडे कापून ते नकाशावर सरकवून पाहावेत. येण्याजाण्यास अडीच ते तीन फूट वाट मोकळी राहते किंवा नाही, हे एक पैसाही खर्च न करता समजते. शाळेतील सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांनाही हा नकाशा सहज काढता येतो. त्यामुळे या कामी शिक्षकांचे साहाय्य मोलाचे ठरेल.

आधी पाणी, मग उजेड

खर्चाचा क्रम ठरविणे हे या अभ्यासक्रमाचे सार होय. आधी पाणी, मग उजेड व वारा, त्यानंतर सामानाची व्यवस्था आणि सर्वांत शेवटी रंग, असा तो क्रम असावा. गोव्यासारख्या प्रदेशात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. कौल फुटले असेल, पागोळ्यांचे पाणी जोत्याशी साचत असेल, तर भिंतीवर कितीही भारी रंग दिला तरी तो पोपडे धरून सुटणारच. ओल भिंतीत कोठून येते हे न पाहता रंग देणे म्हणजे रोग झाकणे होय.

ओलीच्या खुणा ऐन पावसातच स्पष्ट दिसतात, दुरुस्ती मात्र कोरड्या दिवसांतच होऊ शकते. म्हणून अभ्यासक्रमाचे वेळापत्रकही पावसावरून ठरवावे. श्रावणात नावनोंदणी करून प्रत्येकाने भिंतीवरील ओलीची कड पेन्सिलीने आखून ठेवावी. पाठ दिवाळीनंतर सुरू व्हावेत, म्हणजे प्रत्यक्ष काम मे अखेरपर्यंत पुरे होईल.

उजेड व वारा यांसाठी राष्ट्रीय इमारत संहितेने मार्गदर्शन केलेले आहे. उष्ण व दमट हवामानात खिडक्या व झरोके यांचे एकूण क्षेत्र, दारे वगळून, खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश असावे. १२० चौरस फुटांच्या खोलीस त्यानुसार २० चौरस फूट, म्हणजे ४ फूट बाय अडीच फूट मापाच्या दोन खिडक्या लागतात. त्या समोरासमोरच्या भिंतींत असल्या तर वारा खेळता राहतो. असलेल्या खिडकीसमोर कपाट उभे केलेले असेल तर ते हलविणे हीच सर्वांत स्वस्त सुधारणा होय. रात्रीच्या उजेडाचाही हिशेब शिकवावा. ६० वॅटचा जुना दिवा रोज ५ तास जळाल्यास महिन्यास ९ युनिट वीज लागते, तर ९ वॅटच्या एलईडी दिव्यास सव्वा युनिटाहून किंचित अधिक.

जुन्या घरांची शिकवण

स्वस्त आणि सोयीचे घर कसे असावे हे शिकण्यास फार दूर जावयास नको. गोमंतकातील जुन्या घरांत जाड चिऱ्यांच्या भिंतींत कोनाडे ठेवीत. त्यामुळे जागा न अडविता सामान राहत असे. काच दुर्मीळ असताना खिडक्यांना शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवीत आणि त्यांतून डोळ्यांना न दुखविणारा मंद प्रकाश येई. बाल्कांवातील सोपो बांधकामातच घडविलेले असल्याने बैठकीसाठी वेगळ्या खुर्च्या घ्याव्या लागत नसत. खुंट्या, दांडी, माळा व फडताळ ही साठवणीची साधने आजही तितकीच कामाची आहेत.

केरळात स्थायिक झालेले वास्तुशिल्पी लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी स्थानिक वस्तू, विटांच्या जाळ्या व बांधीव बैठका यांचा अवलंब करून कमी खर्चात देखणी घरे उभी केली. आपले विचार त्यांनी साध्या रेखाचित्रांच्या पुस्तिकांतून सामान्य माणसापर्यंत पोचविले. घरबसल्या शिक्षणाचे पाठ कसे असावेत याचा तो एक नमुनाच आहे.

एक इशारा मात्र प्रत्येक पाठात द्यावयास हवा. पडद्यावर दोन खोल्यांमधील भिंत काढून मोठे दालन केलेले दिसते. ती घरे बहुधा काँक्रीटच्या खांबांवर उभी असतात. चिऱ्यांच्या घरात भिंतच छपराचा भार वाहते. अभियंत्यास दाखविल्यावाचून अशी भिंत पाडणे जिवावर बेतू शकते.

स्वयंपाकघर व घरातील माणसे

स्वयंपाकाच्या ओट्याची उंची बाजारातील मापावरून न ठरविता तेथे काम करणाऱ्या व्यक्तीवरून ठरवावी. उभे राहून हात कोपरात दुमडावा आणि कोपराच्या ४ ते ६ इंच खाली ओटा यावा. या साध्या नियमाने वर्षानुवर्षांची पाठदुखी टळते. ओट्याखालच्या फळ्यांसाठी कडप्पा फरशी वापरल्यास तिला वाळवी लागत नाही व ओलीने ती फुगत नाही. लाकडी कपाट भिंतीपासून दोन-तीन इंच दूर ठेवावे. प्लायवूड घेणे भागच असेल तर पाण्याजवळच्या जागी भारतीय मानक ७१० चा शिक्का पाहून घ्यावे. न्हाणीघरात गुळगुळीत फरशीऐवजी खरखरीत फरशी आणि भिंतीस एक मजबूत दांडा, एवढ्या तरतुदीने वृद्धांचे पडणे पुष्कळ अंशी टळू शकते.

पाठ सर्वांपर्यंत कसे पोचावेत

डोंगरकपारीच्या गावांत दूरसंचाराची लहर सर्वत्र सारखी मिळत नाही. म्हणून प्रत्येक चित्रफीत सहा-सात मिनिटांचीच असावी, ती एकदा उतरवून घेऊन पुन्हा पुन्हा पाहता यावी, आणि तोच मजकूर छापील दोन पानांतही मिळावा. पाठांची भाषा घरात बोलली जाणारी असावी. गवंडी, सुतार व रंगारी ज्या नावाने वस्तू ओळखतात तीच नावे वापरावीत, म्हणजे शिकलेले कारागिरास सांगता येईल. शंकासमाधानाची वेळ रात्री जेवणे आटोपल्यावरची ठेवल्यास गृहिणींना व कामकरी मंडळींना भाग घेता येईल. ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांच्यासाठी पंचायतीचे सभागृह, शाळा अथवा वाचनालय येथे सामुदायिक पाठाची सोय करता येण्याजोगी आहे. घराची छायाचित्रे मागविताना त्यांत घरची माणसे, कागदपत्रे अथवा दाराचा क्रमांक येऊ नये, अशी सूचना स्पष्ट शब्दांत द्यावी.

अखेरची परीक्षा प्रश्नपत्रिकेची नसावी. प्रत्येकाने आपल्या घराचे, आपल्याच ऐपतीचे अंदाजपत्रक तयार करावे. उदाहरणार्थ, १०,००० रुपये हाती असतील तर ४,००० गळती व ओल यांसाठी, २,००० उजेड-वाऱ्यासाठी, २,००० फळ्या व खुंट्यांसाठी, १,००० चुन्याच्या सफेतीसाठी आणि उरलेले १,००० अकल्पित खर्चासाठी राखून ठेवता येतील. छप्पर सुस्थितीत असेल तर आकडे बदलतील, क्रम मात्र बदलू नये. जे काम या वर्षी झेपत नाही ते पुढील वर्षाच्या रकान्यात लिहावे, त्यासाठी कर्ज काढू नये.

अशा अभ्यासक्रमाचे यश किती जणांनी नावे नोंदविली यावरून मोजता येणार नाही. पुढील आषाढात पेन्सिलीची ती जुनी रेघ तपासून पाहावी. ओल तिच्यापर्यंत चढली नसेल, तर शिक्षण घरापर्यंत पोचले असे खुशाल समजावे.