‘होलोकॉस्ट’ ही मालिका, तिचं संगीत आणि जर्मनीतल्या चार रात्री

१८ जानेवारी १९७९ च्या रात्री पश्चिम जर्मनीत दोन स्फोट झाले. एक कोब्लेन्झजवळ, दुसरा म्युन्स्टरजवळ. लक्ष्य होतं टीव्हीची प्रक्षेपण केंद्रं. त्या वेळी पडद्यावर ज्यूंच्या संहारावरचा एक माहितीपट चालू होता. चार दिवसांनी सुरू होणाऱ्या एका अमेरिकन मालिकेची ती पूर्वतयारी होती. पुढे उघड झालं की यामागे अति-उजव्यांचा हात होता. आता बघा, माहितीपटाची, मालिकेची कुणाला एवढी धास्ती वाटावी?

त्या मालिकेचं नाव ‘होलोकॉस्ट’. आज आपण तिच्याबद्दल बोलणार आहोत, आणि त्यातही तिच्या संगीताबद्दल थोडं जास्त. कारण आम्हाला असं वाटतं की या मालिकेवर जो प्रचंड वाद झाला, तो मुळात संगीताचाच वाद होता. वाद घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ‘संगीत’ हा शब्द तोंडून काढला, एवढंच.

आधी थोडी ओळख. अमेरिकेत एनबीसी वाहिनीने १६ ते १९ एप्रिल १९७८ अशा सलग चार रात्री ही मालिका दाखवली. जाहिराती धरून साडेनऊ तास. लेखक जेराल्ड ग्रीन, दिग्दर्शक मार्विन चॉम्स्की. हे चॉम्स्की म्हणजे आदल्या वर्षी गाजलेल्या ‘रूट्स’च्या दिग्दर्शकांपैकी एक. गोष्ट दोन काल्पनिक कुटुंबांची. बर्लिनमधले ज्यू डॉक्टर योझेफ वाइस यांचं एक घर, आणि एरिक डॉर्फ या बेकार वकिलाचं दुसरं. हा डॉर्फ बायकोच्या आग्रहाने एसएसमध्ये शिरतो आणि हळूहळू कत्तलीचा कारकून होतो. वाइसांच्या ख्रिस्ती सुनेचं काम मेरिल स्ट्रीपने केलं होतं; तेव्हा ती फारशी कुणाला माहीत नव्हती. अमेरिकेत सुमारे १२ कोटी लोकांनी ही मालिका निदान काही अंशी पाहिली, असा अंदाज आहे.

संगीत दिलं मॉर्टन गूल्ड यांनी. १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये एका ज्यू घरात जन्मलेला हा माणूस. रेडिओच्या ऐन बहरात वाढलेला, बँडसाठी, ब्रॉडवेसाठी, सिंफनी वाद्यवृंदासाठी सारख्याच सहजतेने लिहिणारा. गंभीर संगीतवाले त्यांना जरा हलकं समजायचे, आणि पुलित्झर पारितोषिक मिळायला त्यांना १९९५ साल उजाडावं लागलं, वयाच्या ८१ व्या वर्षी. सामान्य माणसाच्या कानाशी सरळ बोलता येणं हीच त्यांची हातोटी, आणि या मालिकेला नेमकं तेच हवं होतं. पुढे त्यांनी याच संगीतातून वाद्यवृंदासाठी आणि बँडसाठी एक ‘सूट’ तयार केला. त्यातल्या भागांची नावंच बघा: ‘क्रिस्टालनाख्ट’, ‘बाबी यार’, ‘मुक्ती’, ‘शोकगीत’. क्रिस्टालनाख्ट म्हणजे १९३८ ची ज्यूंची दुकानं आणि सिनेगॉग फोडल्याची रात्र. बाबी यार म्हणजे कीवजवळची घळ, जिथे सप्टेंबर १९४१ मध्ये दोन दिवसांत ३३ हजारांहून जास्त ज्यूंना गोळ्या घातल्या. आणि आता ती मैफलीत वाजवायची एक रचना. इथे क्षणभर थांबायला हवं. थांबायला हवं असं आपल्याला वाटतं, तेच या सगळ्या वादाचं बीज.

मालिकेला टीकाकारांनी शिवी दिली ती ‘मेलोड्रामा’ अशी. या शब्दातलं ‘मेलोस’ म्हणजे ग्रीकमध्ये गाणं. शब्दशः घेतलं तर ‘संगीत नाटक’च की! मराठी माणसाला यात शिवी कुठे आहे तेच कळणार नाही. पण आपल्या संगीत नाटकात पद सुरू झालं की प्रेक्षकाला ठाऊक असतं, आता गोष्ट थांबली, आता गाणं. तो सावध असतो, वन्समोरही मागतो. टीव्हीच्या मालिकेत पार्श्वसंगीत नकळत येतं. पडद्यावरचा माणूस अजून काही बोललेला नसतो, आणि व्हायोलिनने आपल्याला सांगून टाकलेलं असतं की आता वाईट वाटू दे. आक्षेप आहे तो या न विचारता केलेल्या सूचनेला.

एली वीझेल, स्वतः आउशविट्झमधून वाचलेले लेखक, यांनी मालिका सुरू झाली त्याच दिवशी न्यूयॉर्क टाइम्समध्ये तिच्यावर कडाडून टीका केली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की जे घडलं ते दाखवता येण्यापलीकडचं आहे, आणि दाखवण्याच्या या धडपडीत मेलेल्यांचा अपमान होतो. त्यात अमेरिकेत मध्ये मध्ये जाहिराती. एका दृश्यात माणसं मरताहेत, पुढच्या मिनिटाला घरगुती वापराच्या वस्तू. वीझेल यांचा राग समजण्यासारखा आहे.

हा प्रश्न टीव्हीने जन्माला घातला असंही नाही. १९४७ साली अर्नोल्ड शोनबर्ग यांनी ‘वॉर्सातून वाचलेला’ ही जेमतेम सात मिनिटांची रचना केली. निवेदक, वाद्यवृंद, आणि शेवटी पुरुषांच्या समूहस्वरात ज्यूंची प्रार्थना. त्यात गोडव्याला जागाच नाही. तरीही तत्त्वज्ञ अडोर्नो यांना, जे शोनबर्गचे मोठे चाहते, तिथे खटकलं: कलेत बसवलं की यातनेला काहीतरी अर्थ असल्याचा भास होतो, आणि भीषणता तेवढी कमी होते. शोनबर्गवर हा आक्षेप येत असेल तर बिचाऱ्या गूल्डची काय कथा!

पण इथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. छावण्यांमध्ये संगीत होतं, आणि ते नुसतं सांत्वन म्हणून नव्हतं. बिर्केनाऊत बायकांचा वाद्यवृंद होता; काही काळ त्याची संचालिका आल्मा रोझे, संगीतकार माहलरची भाची. कामावर जाणाऱ्या आणि संध्याकाळी फरपटत परतणाऱ्या तुकड्यांना ठेका मिळावा म्हणून त्यांनी मार्च वाजवायचे. तेरेझीनमध्ये राफाएल शेख्टर यांनी कैद्यांचा समूह बसवून वेर्दीचा ‘रेक्विएम’ उभा केला. गाणारे मध्येच आउशविट्झला रवाना व्हायचे, मग नवे गळे शोधून पुन्हा सुरुवात. म्हणजे तेच सुर एका ठिकाणी छळाचं हत्यार, दुसऱ्या ठिकाणी माणूस म्हणून उरण्याचा मार्ग. मालिकेला याची जाण अजिबात नव्हती असं म्हणता येत नाही. त्यातली बेर्टा वाइस पियानो वाजवते. तो पियानो पुढे डॉर्फच्या घरी पोचतो, आणि नाताळात ते कुटुंब त्याच पियानोभोवती गातं. साडेनऊ तासांतली ही जागा आम्हाला सगळ्यात भेदक वाटते. इथे व्हायोलिनने काही सुचवावं लागत नाही. गाणारे प्रेमळ आहेत, सुरात आहेत, आणि पियानो चोरीचा आहे.

आता जर्मनीकडे परत येऊ. तिथल्या सरकारी टीव्हीवाल्यांना ही मालिका पहिल्या वाहिनीवर नको होती. हॉलिवूडचा भडक माल, असं पुष्कळांचं मत. शेवटी तडजोड झाली. प्रादेशिक ‘तिसऱ्या’ वाहिन्यांवर, एरवी ज्या थोडेच लोक बघायचे, तिथे जानेवारी १९७९ च्या चार रात्री ती दाखवली गेली. जाहिराती नाहीत. मूळ शेवटात धाकटा मुलगा रूडी अनाथ मुलांना घेऊन पॅलेस्टाइनला निघतो, तो भाग कापलेला. म्हणजे जर्मन प्रेक्षकाला आशेचा तो शेवटचा घोट मिळाला नाही. अमेरिकेतली आणि जर्मनीतली मालिका एकच होती असं म्हणताना हे ध्यानात ठेवावं लागतं.

पहिल्या रात्री सुमारे ३० टक्के प्रेक्षक होते, शेवटच्या रात्री ४० टक्क्यांच्या घरात. एकूण साधारण दोन कोटी लोक. प्रत्येक भागानंतर इतिहासकार आणि इतर मंडळी स्टुडिओत बसायची आणि प्रेक्षकांनी फोन करायचे. फोन आले हजारोंनी. रडणारे होते, शिव्या देणारे होते, ‘हे आम्हाला शाळेत का नाही सांगितलं’ असं विचारणारे होते. आणि घराघरांत मुलं आईवडिलांना विचारत होती, तेव्हा तुम्ही कुठे होतात? ‘डेर श्पीगेल’मध्ये हाइन्झ होने यांनी लिहिलं, त्याचा आशय असा: शेकडो पुस्तकं, नाटकं, चित्रपट आणि छावण्यांवरचे सगळे खटले यांना जे जमलं नाही, ते या उथळ म्हणवल्या जाणाऱ्या मालिकेने केलं.

त्याच वर्षाच्या अखेरीस नाझी काळातल्या खुनांवर खटला भरण्याची मुदत संपणार होती. ३ जुलै १९७९ ला जर्मन संसदेने खुनाची मुदतच काढून टाकली. २५५ विरुद्ध २२२ मतं. सगळं श्रेय मालिकेला देणं चूक ठरेल, कारण ही चर्चा १९६५ पासून चालू होती. पण मतांमधलं अंतर बघा, आणि जानेवारीतले ते फोन आठवा.

‘होलोकॉस्ट’ हा शब्दही जर्मनीत सर्वतोमुखी झाला तो तेव्हाच. १९७९ चा ‘वर्षाचा शब्द’ म्हणून तोच निवडला गेला. मूळ ग्रीक अर्थ, संपूर्ण जाळून दिलेला बळी. मराठीत जवळ जायचं तर ‘पूर्णाहुती’ म्हणावं लागेल, आणि म्हटल्याबरोबर कळतं की अनेक ज्यूंना हा शब्द का सलतो. आहुती कुणाला? कशासाठी? ते ‘शोआ’ म्हणतात, म्हणजे महाआपत्ती. आपण ‘शिरकाण’ म्हणतो ते त्यामानाने बरं, त्यात निदान पुण्याचा वास नाही.

‘शोआ’ याच नावाचा क्लोद लान्झमान यांचा चित्रपट १९८५ साली आला. तोही जवळजवळ साडेनऊ तासांचा! जुनी दृश्यं नाहीत, नट नाहीत, आणि पार्श्वसंगीत मुळीच नाही. लान्झमान यांना ती मालिका मनापासून नापसंत होती. पण चित्रपट सुरू होतो तो गाण्यानेच. सिमॉन स्रेबनिक हा मध्यमवयीन माणूस पोलंडमधल्या खेल्मनो इथे नावेत बसून गातो. तेरा वर्षांचा असताना एसएसचे लोक त्याला याच नदीवर गायला लावत. पुढे ट्रेब्लिंकातला एक माजी एसएसवाला, सुखोमेल, कैद्यांना पाठ करायला लावलेलं गाणं छुप्या कॅमेऱ्यासमोर म्हणून दाखवतो. त्याच्या आवाजात थोडा अभिमानच आहे. ऐकताना आपल्याला कसं वाटावं हे कुणीही सांगत नाही, आणि म्हणून बसवत नाही.

आम्हाला विचाराल तर ‘शोआ’ मोठी कलाकृती, यात वाद नाही. पण गूल्डच्या व्हायोलिनला हसणं आम्हाला जमत नाही. दोन कोटी लोकांना खुर्चीत बसवून ठेवण्यात त्या सुरांचा वाटा होता, आणि फोन उचलला गेला तो त्यानंतर. वीझेल यांचंच बघा. मालिकेनंतर दोन आठवड्यांतच राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी होलोकॉस्ट-स्मरणासाठी आयोग नेमण्याची घोषणा केली. त्याची राजकीय कारणंही होती. आयोगाचे अध्यक्ष झाले वीझेल, आणि त्यातून उभं राहिलेलं वॉशिंग्टनचं संग्रहालय १९९३ साली उघडलं. मालिकेबद्दलचं आपलं मत त्यांनी मागे घेतलं नाही, आणि घ्यायचं कारणही नव्हतं.

जर्मनीत मात्र एक माणूस या मालिकेने वेगळाच चिडला होता. अमेरिकनांनी आमचा इतिहास आमच्या हातून काढून घेतला, असं म्हणणारा दिग्दर्शक एडगर राइट्स. त्याने १९८४ साली उत्तर दिलं ‘हाइमाट’ या मालिकेने, आणि त्या उत्तरात ज्यू जवळजवळ दिसतच नाहीत. त्याबद्दल पुढच्या व्याख्यानात.