तापातली आकडी आणि संशोधनातला आकडा

एरवी मी इथे शोधनिबंध कसा वाचायचा, प्रश्न कसा मांडायचा, गाइडशी कसं बोलायचं असल्या गोष्टींवर लिहिते. आजचाही विषय शोधनिबंध वाचण्याचाच आहे. फक्त सुरुवात लायब्ररीतून न होता आमच्या घरातून होते.

आम्ही ट्रॉम्बे गावात राहतो. पावसाळ्यातली रात्र, दोन वाजून गेले असतील. लेक तेव्हा सोळा महिन्यांची होती. संध्याकाळपासून अंग थोडं गरम लागत होतं, सर्दी होती, एवढंच. अचानक ती ताठ झाली. डोळे वर गेले, हातपाय झटके द्यायला लागले, ओठ निळसर पडले. मी हाक मारत होते आणि ती तिथे नव्हतीच. खरं सांगते, मला वाटलं, ती गेली.

आरडाओरडा ऐकून शेजारी आले. एका काकूंनी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणीतरी दातखीळ सोडवायला चमचा आणला. नवऱ्याने खालच्या मजल्यावरच्या रिक्षावाल्या दादाला फोन लावला. सायन-ट्रॉम्बे रस्त्याला लागेपर्यंत लेक माझ्या मांडीवर गाढ झोपली होती. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "किती वेळ चाललं?" मी म्हटलं, "दहा-बारा मिनिटं."

त्यांनी तिला नीट तपासलं, मान ताठ आहे का पाहिलं, काही तास ठेवून घेतलं आणि सांगितलं, "तापातली आकडी आहे. सहा महिने ते पाच वर्षं या वयात येते. भीती वाटते खूप, पण बहुतेक मुलांना पुढे काही होत नाही."

"बहुतेक" म्हणजे किती? हा प्रश्न आईचाही होता आणि पीएचडीच्या विद्यार्थिनीचाही.

एकाच प्रश्नाची इतकी वेगळी उत्तरं?

दुसऱ्या रात्री लेक झोपली होती आणि मी तिच्या श्वासाकडे लक्ष ठेवून मोबाइलवर शोधत बसले होते. तापातली आकडी आलेल्या किती मुलांना पुढे अपस्मार होतो, म्हणजे ताप नसतानाही फिट येतात? कुठे शंभरात दोन, कुठे शंभरात निम्म्याहून जास्त! पहाटे चार वाजता माणूस यातला कोणता आकडा धरून बसतो, हे सांगायला नको.

हा गोंधळ जुना आहे आणि तो सोडवणारा निबंधही जुना आहे. १९८० साली जोनास एलेनबर्ग आणि कॅरिन नेल्सन या अमेरिकन संशोधकांनी तोवरचे अभ्यास दोन ढिगांत वेगळे केले. एका ढिगात रुग्णालयात किंवा क्लिनिकमध्ये आलेल्या मुलांवरचे अभ्यास, दुसऱ्यात संपूर्ण लोकसंख्येतून मुलं घेतलेले. पहिल्या ढिगात उत्तरं २.६ टक्क्यांपासून थेट ७६.९ टक्क्यांपर्यंत पसरलेली होती. दुसऱ्यात ती १.५ ते ४.६ टक्के एवढ्याच पट्ट्यात होती.

आजार तोच, मग फरक कुठून आला? छेदातून. मोठ्या रुग्णालयाच्या मेंदूविकार विभागात कोण पोहोचतं? ज्याची आकडी लांबली, जी पुन्हा पुन्हा आली, ज्याच्या वाढीत आधीपासून अडचण होती, ते मूल. दोन मिनिटांत थांबलेली आणि गल्लीतल्या डॉक्टरकडेच निभावलेली आकडी त्या रजिस्टरमध्ये येतच नाही. रजिस्टरमधला प्रत्येक आकडा खरा असतो, पण तो तिथे पोहोचलेल्या मुलांचा असतो. याला संशोधनात निवडीचा दोष म्हणतात.

नेल्सन आणि एलेनबर्ग यांच्याच १९७६ च्या अभ्यासात नोंदणी आई गरोदर असतानाच झाली होती. सुमारे ५४ हजार गरोदरपणांची नोंद होती. कुणाच्या मुलाला आकडी येणार, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. त्यातल्या १,७०६ मुलांना तापात आकडी आली. सातव्या वर्षापर्यंत त्यांच्यापैकी सुमारे २ टक्के मुलांना अपस्मार झाला. आधी सगळं सुरळीत असलेल्या आणि पहिली आकडी साधी असलेल्या मुलांत हे प्रमाण १.१ टक्के होतं. तापात आकडी कधीच न आलेल्या मुलांत ०.५ टक्के.

आता हे दोन तऱ्हांनी सांगता येतं. "धोका दुप्पट होतो" हे खरं. "शंभरातल्या नव्व्याण्णव मुलांना काही होत नाही" हेही खरं. निबंध वाचताना दोन्ही वाक्यं स्वतः लिहून काढायची सवय लावा.

दारोदार जाऊन मोजणं

हे फक्त अमेरिकेतच जमतं असं नाही. मुंबईतच डॉ. भरुचा आणि सहकाऱ्यांनी पारशी वसाहतींमध्ये घरोघर जाऊन अपस्माराची पाहणी केली होती. १४,०१० माणसं तपासली गेली. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात चालू अपस्माराचं प्रमाण हजारी ३.६ आलं. इथे छेद रुग्णालयाच्या दारात ठरला नाही, घराच्या दारात ठरला.

पण हा आकडा उचलून चित्ता कॅम्पला लावता येईल का? नाही. तो एका समाजाचा, वसाहतींत राहणाऱ्या लोकांचा आकडा आहे. शिवाय दारात विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर मिळतंच असंही नाही. माझ्या सासूबाई त्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या, "मुलीची जात आहे, उगाच बाहेर बोलू नका." उद्या आमच्या दारात कुणी सर्वेक्षणाला आलं असतं तर आमच्या घरातला एक आकडा तिथेच गळाला असता.

माझी "दहा मिनिटं"

तापातल्या आकडीचे दोन प्रकार करतात. सगळ्या अंगाला आलेली, १५ मिनिटांच्या आत थांबलेली आणि २४ तासांत एकदाच आलेली ती साधी. शरीराच्या एकाच बाजूला आलेली, १५ मिनिटांपेक्षा लांबलेली किंवा २४ तासांत पुन्हा आलेली ती गुंतागुंतीची. पुढच्या तपासण्या बऱ्याच अंशी यावर ठरतात.

आठवड्याने नवऱ्याच्या फोनमधली कॉलची यादी पाहिली. झटके सुरू होताच रिक्षावाल्या दादाला केलेला फोन २ वाजून १७ मिनिटांचा. "आता थांबलंय, रडतेय," असं सांगायला आईला केलेला फोन २ वाजून २० मिनिटांचा. माझ्या दहा-बारा मिनिटांची खरी लांबी तीन मिनिटं!

मी खोटं बोलले नव्हते. मला तेवढंच वाटलं होतं. घाबरून मी "पंधरा-वीस" म्हटलं असतं तर लेक एका निराळ्या रकान्यात गेली असती, आणि कदाचित कुणाच्या तरी प्रबंधातही त्याच रकान्यात बसली असती. तुमच्या अभ्यासात "कालावधी" नावाचा रकाना असेल तर तो घड्याळाने भरलाय की आठवणीने, हे आधी विचारा.

"औषध आधी पाजलं असतं तर..."

सगळ्यात जास्त मला हेच खात होतं. अंग गरम लागत होतं आणि मी पॅरासिटामॉल न देताच झोपले होते.

२००९ साली फिनलंडमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पहिली आकडी येऊन गेलेल्या २३१ मुलांना पुढच्या प्रत्येक तापात, चिठ्ठ्या टाकून ठरवल्याप्रमाणे, तापाचं औषध किंवा नुसतं दिसायला तसंच असलेलं निष्क्रिय औषध दिलं. पुन्हा आकडी येण्याचं प्रमाण औषधाच्या गटात २३.४ टक्के, निष्क्रिय गटात २३.५ टक्के. म्हणजे फरक नाहीच. २०१८ साली जपानमधल्या ४२३ मुलांच्या अभ्यासात मात्र पॅरासिटामॉलने फरक पडला: ९.१ विरुद्ध २३.५ टक्के.

कोण चुकलं? कुणीच नाही. फिनलंडचा प्रश्न होता, पुढच्या तापांमध्ये आकडी टळते का? जपानचा प्रश्न होता, आज आकडी आलीय, याच तापात दुसरी टळते का? दोन निबंधांचा निष्कर्ष उलटा दिसला की आधी त्यांचे प्रश्न शेजारी शेजारी ठेवून पाहा. माझ्यापुरतं उत्तर मिळालं. ताप उतरवायचा तो लेकीला बरं वाटावं म्हणून. मी झोपले म्हणून आकडी आली, असं म्हणायला आधार नव्हता.

नातेवाइकांचा दुसरा आग्रह रोजच्या औषधाचा होता. १९९० साली अमेरिकेत २१७ मुलांवर फेनोबार्बिटॉनचा प्रयोग प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी औषध घेणाऱ्या गटाचा बुद्ध्यांक सरासरी ८.४ गुणांनी कमी निघाला, आणि आकड्या काही म्हणाव्या तशा टळल्या नाहीत. ७६ टक्क्यांचा आकडा खरा मानणारे आईबाप हे औषध आनंदाने देतील. छेद चुकला की त्याची किंमत मूल मोजतं, ती अशी.

आणि लस?

त्याच सुमारास लेकीची गोवर-रुबेलाच्या दुसऱ्या डोसची वेळ आली होती. "आता नको, पुन्हा ताप येईल," असं घरात ठरत आलं होतं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ६ लाख ८० हजार मुलांच्या अभ्यासात एमएमआर लशीनंतर लाखामागे २५ ते ३४ मुलांना जादा तापातल्या आकड्या आल्या, आणि त्या मुलांना पुढे अपस्माराचा वाढीव धोका दिसला नाही. दुसऱ्या पारड्यात गोवर आहे. त्यात हजारातल्या सुमारे एका मुलाच्या मेंदूला सूज येते. २०२२ च्या शेवटी गोवराची साथ गोवंडीत, आमच्याच एम पूर्व विभागात पसरली होती. डॉक्टरांशी बोललो आणि डोस दिला.

भिंतीवरचा कागद

पुन्हा आकडी येण्याची शक्यता साधारण तीन मुलांत एकाला असते, आणि पहिली आकडी दीड वर्षाच्या आत आली असेल तर थोडी जास्त. म्हणून डॉक्टरांना विचारून एक कागद लिहिला आणि फ्रिजशेजारी चिकटवला:

- आधी घड्याळ बघायचं.
- जमिनीवर कुशीवर झोपवायचं, आजूबाजूच्या वस्तू हटवायच्या.
- तोंडात काहीही घालायचं नाही: चमचा, बोट, पाणी, औषध.
- हातपाय दाबून धरायचे नाहीत. कांदा, चप्पल हुंगवायची नाही.
- पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन किंवा सरळ रुग्णालय.
- थांबल्यावर नीट जाग येत नसेल, मान ताठ असेल, सारख्या उलट्या होत असतील, श्वासाला त्रास असेल किंवा आकडी पुन्हा आली तर लगेच रुग्णालय.

पहिल्यांदाच आकडी आली असेल तर ती थांबली तरी मुलाला डॉक्टरकडे न्यायचंच. मूल सहा महिन्यांपेक्षा लहान असेल तर अजिबात वेळ घालवायचा नाही. मेंदूज्वर नाही ना, हे डॉक्टरच सांगू शकतात. ते मोबाइलवर वाचून कळत नाही.

आठ महिन्यांनी दुसरी आकडी आली, दुपारी, सासूबाई एकट्या घरात असताना. मी धावत घरी पोहोचले तेव्हा लेक त्यांच्या मांडीवर झोपली होती. सासूबाईंचे हात अजून कापत होते. कागदाच्या कोपऱ्यावर त्यांनी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं: "३.१० ते ३.१२. दोन्ही हात, दोन्ही पाय."

डॉक्टरांनी तो कागद वाचला आणि या वेळी कालावधी विचारला नाही.

जाता जाता एक काम देते. तुम्ही सध्या वाचत असलेल्या निबंधातला सगळ्यात ठळक टक्का घ्या. त्याच्या छेदात कोण आहे आणि तिथवर कोण पोहोचलंच नाही, हे दोन ओळींत लिहा. मग ठरवा, तो आकडा कुणाच्या घरी सांगण्यासारखा आहे का.