गुलाबी मनोरा आणि पडद्यावरचे ठोकळे

परीक्षा संपून सुटी लागली की घरोघरी एक परिचित वाद रंगतो. मुलांच्या हाती व्हिडिओ गेम असतो आणि पालकांच्या कपाळावर आठ्या. त्यातून खेळ ठोकळे रचण्याचा असेल तर पालकांची पंचाईतच होते. कारण ठोकळे रचणे वाईट, असे कोण म्हणेल? या प्रश्नाचा विचार करताना चेन्नईतील अड्यारची आठवण ठेवणे उपयुक्त ठरेल.

अड्यारचा वर्ग

अड्यार नदीच्या मुखाजवळ १८८२ पासून थिऑसॉफिकल सोसायटीचे मुख्यालय आहे. नोव्हेंबर १९३९ मध्ये सोसायटीचे अध्यक्ष डॉ. जॉर्ज अरुंडेल यांच्या निमंत्रणावरून इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ डॉ. मारिया माँटेसरी आपले पुत्र मारिओ यांच्यासह येथे आल्या. त्या वेळी त्यांचे वय ६९ वर्षांचे होते. देशभरातून आलेल्या सुमारे ३०० प्रशिक्षणार्थींसाठी येथे वर्ग सुरू झाला.

जून १९४० मध्ये इटली महायुद्धात उतरला आणि हे पाहुणे एका रात्रीत शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. मारिओंना तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. बाईंच्या संचारावरही बंधने आली. ३१ ऑगस्ट १९४० रोजी त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्ताने सरकारने मारिओंची सुटका केली. त्यानंतर मायलेकांनी भारतभर शिक्षक घडविले.

दहा ठोकळ्यांचे गणित

या वर्गातील एक साधन म्हणजे ‘गुलाबी मनोरा’. लाकडाचे दहा घन. सर्वांत लहानाची बाजू १ सेंटिमीटर, सर्वांत मोठ्याची १०. ते उतरत्या क्रमाने एकावर एक ठेवायचे. मनोऱ्याची उंची होते ५५ सेंटिमीटर आणि सर्व ठोकळ्यांचे एकूण घनफळ ३०२५ घनसेंटिमीटर, म्हणजे नेमका ५५ चा वर्ग! तीन वर्षांच्या मुलाला हे सूत्र ठाऊक नसते. परंतु क्रम चुकला की मनोरा बेढब दिसतो आणि चूक त्याची त्यालाच उमगते. कोणी रागावण्याची आवश्यकता उरत नाही.

महाराष्ट्रात ही पद्धती रुजविण्याचे श्रेय ताराबाई मोडक यांना जाते. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली. पुढे १९४५ पासून बोर्डी येथे आणि नंतर कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, खडे, पाने आणि बिया मुलांच्या हाती दिल्या. साधन स्वस्त झाले, तत्त्व मात्र तेच राहिले.

पडद्यावरची रचना

मॉस्कोतील संगणकतज्ज्ञ अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी १९८४ मध्ये ‘टेट्रिस’ तयार केला, तोही लाकडी तुकड्यांच्या एका जुन्या कोड्यावरून प्रेरणा घेऊन. चार-चार चौकोनांचे सात आकार वरून खाली येतात; ते फिरवून आडवी ओळ भरायची. भरलेली ओळ नाहीशी होते, राहिलेल्या फटी मात्र साचत जातात. कर्जाचे थकलेले हप्तेही असेच साचतात, हे बँकेच्या ग्राहकांना निराळे सांगावयास नको!

२०१६ मध्ये आलेल्या ‘ट्रिकी टॉवर्स’ या गमतीदार खेळात ओळ नाहीशी होत नाही. येथे त्याच आकारांचा मनोरा उभारायचा असतो आणि तो खरोखरीच्या मनोऱ्यासारखा डोलतो, घसरतो, कोसळतो. चौघांना एकाच वेळी खेळता येत असल्याने आई-वडील आणि मुले एका पडद्यासमोर बसून हसतखेळत चुरस करू शकतात. तोल, आकार आणि पूर्वनियोजन यांची जाण त्यातून निश्चितच वाढते.

तरीही एक भेद उरतोच. गुलाबी मनोऱ्यातील सर्वांत मोठा ठोकळा सर्वांत लहानापेक्षा हजार पट जड असतो. हे वजन मुलाच्या मनगटाला कळते; पडद्यावर बोट फिरवून ते कळत नाही. शिवाय टेट्रिसमध्ये गती यंत्र ठरविते, लाकडी ठोकळ्यांपुढे ती मूल ठरविते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ च्या मार्गदर्शनात एक वर्षाखालील बालकांना पडद्यापासून पूर्णतः दूर ठेवण्यास आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाहून अधिक वेळ न देण्यास सांगितले आहे. तोही वेळ जितका कमी तितका बरा.

तेव्हा सुजाण पालकांनी क्रम सांभाळावा, हे उत्तम. आधी लाकडी ठोकळे, रिकाम्या काड्यापेट्या, नारळाच्या करवंट्या. पडदा नंतर, आणि तोही शक्यतो सर्वांनी मिळून. मोठा ठोकळा तळाशी असेल तरच मनोरा टिकतो. बचतीचे तसेच आहे आणि बालपणाचेही.