तोफांच्या वाटेवर सायकली

इटलीच्या वायव्येस सूसा आणि किझोने या दोन दऱ्यांच्या मध्ये आल्प्स पर्वताची एक उंच धार पसरलेली आहे. तिच्यावरून असिएत्ता नावाचा खडी-मातीचा रस्ता जातो. त्याचा बराचसा भाग २००० मीटरांहून अधिक उंचीवर आहे.

ही धार एके काळी रणभूमी होती. १९ जुलै १७४७ रोजी पीडमाँट व ऑस्ट्रिया यांच्या सैन्याने चालून आलेल्या फ्रेंचांना येथेच मागे हटविले. पुढेही सरहद्दीच्या रक्षणासाठी या डोंगरांत लष्करी रस्ते बांधण्यात आले. तोफा व रसद उभ्या चढावरून नेणे कठीण. म्हणून डोंगराला वळसे घालीत रस्ता वर नेण्यात आला. वळशांनी अंतर वाढते, परंतु चढ सौम्य होतो.

तेच वळसे आज सायकलस्वारांच्या उपयोगी पडतात. सुटी खडी चाकाखालून सरकते. म्हणून या सायकलींचे टायर रुंद असतात आणि त्यांत हवाही थोडी कमी ठेवतात. त्यामुळे टायरचा अधिक भाग जमिनीला टेकतो व पकड वाढते. जवळच २१७८ मीटर उंचीची फिनेस्त्रे खिंड आहे. सूसाकडून चढताना तिचे शेवटचे सुमारे ८ किलोमीटर कच्चेच आहेत. इटलीची विख्यात सायकल-शर्यत २००५ मध्ये प्रथम येथून गेली.

उन्हाळ्यात आठवड्यातील ठरावीक दिवशी असिएत्ता रस्त्यावर मोटारींना मनाई असते. ज्या धारेवर फ्रेंचांना अडविले, तिच्यावर आज फ्रेंच सायकलस्वारही पाहुणे म्हणून येतात.