गाडीला नाव ठेवावं, की नावं?

सोसले हे मैसूर जिल्ह्यातलं, व्यासराज मठामुळे ओळखलं जाणारं गाव. आयुधपूजेला या भागात सायकलीपासून ट्रॅक्टरपर्यंत साऱ्या वाहनांना झेंडूच्या माळा चढतात, कोहळा फुटतो, चाकाखाली लिंबं ठेवून गाडी पुढे काढली जाते. दुसऱ्या दिवशी मैसूरच्या मिरवणुकीत चामुंडेश्वरीची सुमारे ७५० किलोंची सोन्याची अंबारी हत्तीच्या पाठीवर निघते. त्या हत्तीला नुसतं 'हत्ती' कुणी म्हणत नाही. २०१२ ते २०१९ तो अर्जुन होता, २०२० साली मान अभिमन्यूकडे आला. डिसेंबर २०२३ मध्ये रानहत्तीशी झुंजताना अर्जुन गेला, तेव्हा लोक घरचं माणूस गेल्यासारखे हळहळले.

जो आपल्याला वाहून नेतो, त्याला नाव हवंच! कर्नाटकच्या सरकारी बसगाड्यांना 'राजहंस', 'ऐरावत', 'अंबारी' अशी नावं मिळाली ती उगाच नव्हे. आपल्या एसटीनेही रायगडचा कडा उतरणाऱ्या गवळणीची आठवण ठेवून 'हिरकणी' आणली. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या दख्खनच्या राणीचा तर वाढदिवस असतो. पुणे स्टेशनवर केक कापला जातो! गाडी क्रमांकाचा वाढदिवस कुणी केला असता का?

घरच्या मोटारीचंही तेच. ज्या घरात पूर्वी सर्जा-राजा होते, तिथल्या जीपला किंवा ट्रॅक्टरला नाव मिळालं तर नवल काय? गंमत अशी, की शेजारीपाजारी जिला नावं ठेवतात, अशा खोडकर गाडीलाच मालक हौसेनं नाव ठेवतो. थंडीत रुसणारी, चढावर धापा टाकणारी, पण लेकीच्या लग्नाचं सामान वाहणारी गाडी नुसतं यंत्र वाटत नाही. २०१० साली अमेरिकेतल्या संशोधकांना असंच आढळलं होतं, फक्त संगणकाबाबत. ज्यांचा संगणक वारंवार बिघडे, त्यांनाच त्याला स्वतःचं मन आहे असं अधिक वाटे. बरोबरच आहे. मुकाट्यानं चालणाऱ्या वस्तूशी कोण बोलत बसतो?

पण या मायेची किंमत असते. त्याच वर्षीच्या मिशिगन विद्यापीठातल्या दुसऱ्या अभ्यासात, गाडीकडे माणसासारखं पाहायला सांगितलेल्या लोकांची ती बदलायची तयारी कमी झाली. गाडी किती चांगली चालते, हा विचारही मागे पडला. म्हणून घरखर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या गृहिणीनं एवढं पाहावं: ब्रेक, टायर आणि धूर यांचा निर्णय मेकॅनिककडून घ्यावा, नावाकडे पाहून नव्हे. लाडक्या गाडीचे निकामी ब्रेकही निकामीच असतात.

विकायची वेळ आली, की नवरा कागदपत्रं शोधतो, मुलं काचेवरचे स्टिकर खरवडतात. डॅशबोर्डवरचा गणपती मात्र घरातलं वडीलधारं माणूस स्वतःच्या हातानं काढून घेतं. नव्या मालकाला गाडीचं नाव सांगायचं की नाही, यावर मग घरात एकमत होत नाही.