नागरिक कोण आणि सहभाग कशाला म्हणावे? : पुणे व कासुर्डी

नगराच्या कारभारात नागरिकांचा सहभाग असावा, हे तत्त्व आज सर्वमान्य आहे. तथापि ‘नागरिक’ या शब्दाने नेमके कोण अभिप्रेत आहेत आणि ‘सहभाग’ कशाला म्हणावयाचे, या प्रश्नांची उत्तरे तितकीशी स्पष्ट नाहीत. पुण्याच्या अनुभवावरून त्यांचा विचार करणे उद्बोधक ठरेल.

केंद्र सरकारचे स्मार्ट सिटी अभियान २५ जून २०१५ रोजी सुरू झाले व ३१ मार्च २०२५ रोजी संपले. जानेवारी २०१६ मध्ये निवडलेल्या पहिल्या २० शहरांत पुण्याचा क्रमांक दुसरा होता. औंध–बाणेर–बालेवाडी या भागाचा विकास आणि संपूर्ण शहरासाठी वाहतूक व पाणीपुरवठा यांची सुधारणा, असे आराखड्याचे दोन भाग होते. त्यासाठी नागरिकांची मते मोठ्या प्रमाणावर मागविण्यात आली. अंमलबजावणी मात्र एका विशेष कंपनीकडे सोपविण्यात आली. निर्वाचित सभेचे अधिकार यामुळे संकोच पावतील, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. शेरी आर्न्स्टीन यांनी १९६९ मध्ये सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तीत माहिती देणे व मत विचारणे या पायऱ्या मध्यावर येतात. निर्णयाची सत्ता नागरिकांकडे येते ती वरच्या तीन पायऱ्यांवर. मते मागविणे आणि सत्ता देणे यांतील अंतर या शिडीमुळे ध्यानी येते.

मतांची भिन्नता ही केवळ ज्ञान-अज्ञानाची बाब नव्हे. पदपथ रुंद झाला की पादचाऱ्यास समाधान वाटते, दुकानदारास वाहने कोठे उभी राहतील ही चिंता पडते, तर पथारीवाल्यास जागा जाण्याचे भय वाटते. ज्याच्या वाट्यास जो परिणाम येतो, त्यावरून त्याचे मत घडते.

हा परिणाम नगराच्या सीमेपाशी थांबत नाही. पुणे–सोलापूर मार्गावरील कासुर्डी हे दौंड तालुक्यातील गाव. तेथील मतदार पुण्याचा नागरिक नव्हे. परंतु ज्या खडकवासला प्रकल्पातून पुण्यास पिण्याचे पाणी मिळते, त्याच प्रकल्पाच्या कालव्यावर हवेली, दौंड व इंदापूर या तालुक्यांतील शेती अवलंबून आहे. शहराची उचल वाढली की शेतीच्या आवर्तनावर ताण येतो. मुंढवा येथून प्रक्रिया केलेले सांडपाणी बेबी कालव्यात सोडण्याची योजना या ताणातूनच निघाली. मग त्या पाण्याची शुद्धता हाही शेतकऱ्याचाच प्रश्न ठरतो. शहरातील जलमापक व गळती यांविषयी या तालुक्यातील शेतकऱ्यास आस्था असणे म्हणूनच स्वाभाविक होय. ग्रामसभेत तो आपले म्हणणे मांडू शकतो. पण तिचा ठराव महानगरपालिकेवर बंधनकारक नाही.

सारांश, किती सूचना आल्या एवढ्या मोजणीने सहभागाचे माप होत नाही. निर्णयाची झळ कोणास पोहोचली, त्यास कोणत्या पायरीवर स्थान मिळाले आणि त्याच्या मतामुळे कोणता निर्णय बदलला, हे तीन प्रश्न अभ्यासकाने प्रथम विचारावयास हवेत. या कसोटीवर कासुर्डीचा शेतकरीही पुण्याच्या अभ्यासविषयात येतो.