पाठ टेकण्याची विद्या

मेहकर तालुक्यातील जानेफळ असो वा विदर्भातील दुसरे कोणतेही गाव, दंगलीतील कुस्तीचा निकाल एकाच गोष्टीने लागतो: ज्याची पाठ मातीला लागली तो चीतपट झाला आणि वाद तिथेच मिटला. दूरचित्रवाणीवरील व्यावसायिक रेसलिंगची रीत नेमकी उलटी आहे, कारण तेथे नवशिक्याला सर्वांत आधी पाठीवर पडायलाच शिकवतात. या पडण्याला ‘बंप’ म्हणतात. डोके आपटू नये म्हणून हनुवटी छातीला टेकवायची आणि पाठीचा वरचा रुंद भाग व दोन्ही तळहात एकाच क्षणी आपटायचे, म्हणजे धक्का एका जागी न बसता अंगभर वाटला जातो. रिंगणही लोखंडी सांगाडा, त्यावर फळ्या, फोमचा पातळ थर आणि ताणलेले कॅनव्हास असे बांधलेले असते. त्यामुळे आवाज मोठा येतो आणि मार कमी बसतो, पण बसतोच.

या लढतींचा निकाल आधी ठरलेला असतो, आणि तरीही सारे खरेच चालले आहे असे भासवण्याच्या रीतीला ‘केफेब’ असे नाव आहे. सज्जन मल्ल तो ‘फेस’ आणि दुर्जन तो ‘हील’. दंडारीतील राक्षस शेवटी मरणार हे ठाऊक असूनही प्रेक्षक पहाटेपर्यंत बसतात, तसेच हे आहे.

महाराष्ट्राला हा खेळ नवा नाही. दारा सिंग यांनी 1968 मध्ये मुंबईत अमेरिकेच्या लू थेझ यांना हरवले. रिंगणात घडलेली त्यांची बलदंड सज्जनाची प्रतिमा पुढे चित्रपटांत गेली आणि ‘रामायण’ मालिकेतील हनुमानाच्या रूपाने घराघरांत पोहोचली. 2012 मध्ये प्रसारित झालेल्या ‘रिंग का किंग’ या मालिकेचे चित्रीकरण पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात झाले. त्यात अमनप्रीत सिंग ‘महाबली वीरा’ म्हणून उतरले, तर काही परदेशी मल्लांकडे खलनायकी आली.

पात्र आणि धोका यांचे नाते मल्ल मिक फोली यांच्या उदाहरणातून स्पष्ट होते. 28 जून 1998 रोजी पिट्सबर्ग येथे ‘मॅनकाइंड’ हे विक्षिप्त पात्र रंगवणारे फोली ‘अंडरटेकर’ या मल्लाबरोबरच्या लढतीत रिंगणाभोवतीच्या पिंजऱ्याच्या छतावरून सुमारे 16 फूट खाली समालोचकांच्या टेबलावर कोसळले. स्ट्रेचरवरून उठून ते पुन्हा वर चढले, तेव्हा छताची जाळीच निसटली आणि ते थेट रिंगणात आदळले. हे दुसरे पडणे ठरलेले नव्हते, आणि त्यात पाठोपाठ आलेली खुर्ची तोंडावर आदळून दात तुटला. मात्र फोली यांना लोकप्रियता टिकवून दिली ती त्या पडण्याने नव्हे. त्याच वर्षी हातात मोजा घालून त्याला ‘मिस्टर सॉको’ म्हणणारा विनोदी मॅनकाइंड त्यांनी उभा केला आणि 1999 च्या जानेवारीत त्याच रूपात ते विजेते म्हणून पडद्यावर झळकले. अंडरटेकरनेही 1990 मधील प्रेतसंस्कार करणाऱ्याचे रूप 2000 मध्ये टाकून मोटारसायकलस्वाराचा अवतार घेतला आणि 2004 मध्ये पुन्हा जुनी काळी टोपी चढवली. पात्राला असे नवे वय मिळते, शरीराला मिळत नाही.

कधी पात्रच जीव घेते. 23 मे 1999 रोजी कॅन्सस सिटी येथे ‘ब्लू ब्लेझर’ या गमतीदार महानायकाच्या वेशात तारेवरून खाली उतरताना पट्ट्याची कळ सुटून मल्ल ओवेन हार्ट यांचा मृत्यू झाला. ते लढत होते म्हणून नव्हे, तर त्या पात्राचे आगमन आकाशातून व्हावे म्हणून ते तेथे लटकले होते. म्हणून या खेळाला खोटा म्हणून हसणे जितके चुकीचे, तितकेच अंगणात त्याची नक्कल करणेही चुकीचे आहे. पडद्यावरच्या मल्लाखाली लवचीक फळ्या असतात आणि समोर त्याला सांभाळून टाकणारा जोडीदार असतो. अंगणातल्या मुलापाशी यांपैकी काहीच नसते. ज्या मुलाला पडण्याची हौस आहे, त्याला पालकांनी गावच्या तालमीत वस्तादाच्या हवाली करावे.